हाताला न भाजणारा उजेड

वाशीतल्या मांडवांना दिवे लावण्यात शिवराम पाटलाचा अर्धा जन्म गेला होता. दिवा कसा पारखायचा, याची त्याची एकच रीत होती. पुढ्यात तळहात धरायचा. चटका बसला तर दिवा वाईट, त्याला माणसांपासून लांब टांगायचा. नाही बसला तर गरीब, कुठंही लावा. या रीतीनं त्याला कधी दगा दिला नव्हता, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

शहाऐंशीच्या गणपतीत मंडळानं ऑर्केस्ट्रा ठरवला आणि मुंबईहून लेसर आणवला. पेटीएवढं यंत्र, त्यातून दोरीसारखी सरळ हिरवी रेघ निघायची. यंत्रासोबत आलेल्या जयप्रकाशनं ते उंच फळीवर बोल्टानं आवळलं.

"काका, ही लाईट लोकांच्या डोक्यावरूनच गेली पायजे. डोळ्यात गेली तर डोळा गेला समजा."

शिवरामनं रेघेत हात धरला. काहीच लागलं नाही. चंद्राच्या उजेडानं तरी कुणी भाजतं का? त्यानं पुन्हा धरला, उलटा करून धरला.

"आरं, यो तं थंडगार हाय!"

"थंडच असतो. पन डोळ्याला नाय चालत."

शिवरामचं डोकं चक्रावलं. हाताला न भाजणारा उजेड डोळ्याला कसा भाजेल? पोरगं उगाच भाव खातंय, असंही त्याला वाटलं.

ऑर्केस्ट्रा रंगला. धुरातून हिरवी रेघ फिरू लागली तशा पुढच्या बायका उठल्या आणि आरतीच्या ताटावर धरावेत तसे दोन्ही हात वर करू लागल्या. देवाच्या मांडवातला उजेड, तो तळव्यांवर घेऊन डोळ्यांना लावायचा, हे काय कुणी शिकवावं लागतं? पण रेघ उंचावर, हात पोचेनात. त्यांत शिवरामची बायको वेणूबाई सगळ्यांत पुढे.

"अवो, जरा खाली आना ना! आमाला कायच नाय मिलत."

जयप्रकाश वायर बघायला मांडवामागे गेला होता. आरतीचं ताट शेवटच्या माणसापर्यंत फिरवायचं असतं, अर्ध्यातून परत न्यायचं नसतं, एवढंच शिवरामला सुचलं. त्यानं बोल्ट सैल करून यंत्राचं तोंड वाकवलं. वेणूबाईनं उजेड तळव्यांवर घेतला, डोळ्यांना लावला आणि कुठून आला हे बघायला मान वर केली.

जयप्रकाश ओरडत धावला, खटका बंद केला.

"बघितलं का तुमी सरळ? सांगा ना, बघितलं का?"

"व्हय. हिरवा ठिपका रायलाय डोल्यांपुढं. जाईल," ती हसून म्हणाली.

तो गेला नाही. हळूहळू हिरव्याचा काळा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, दोन्ही पडदे मधोमध भाजलेत, आता यावर औषध नाही. शिवराम बाहेर येऊन आपला तळहात बघत बसला. त्याला काही म्हणजे काही उमगेना.

वेणूबाई भात रांधते, नळावर जाते, तिचं अडत नाही. फक्त जिकडं बघेल तिथंच भोक पडतं.

"तुमचे कान दिसतान, खांदं दिसतान," ती एकदा म्हणाली. "मधी तुमीच नाय."

मग ती त्याला कडेनं बघण्यासाठी शेजारच्या भिंतीकडं बघते, आणि शिवराम चुकून भिंतीपुढं जाऊन उभा राहतो.