दहाव्याच्या माइकवर

शिरूरजवळच्या आमच्या कंपनीत मीटिंग इंग्रजीत चालते. पुढचा शब्द सुचेपर्यंत मी ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘यू नो’ असलं काहीबाही कोंबत राहतो. गप्प राहिलं की साहेबांना वाटतं, याला काही येत नाही.

वडील गेले. यवतला दहाव्याला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली आणि माइक माझ्या हातात आला. “ॲक्च्युअली, आबा बेसिकली...” एवढंच निघालं. मग पुन्हा “ॲक्च्युअली”. समोर अख्खी भावकी बसलेली. स्वतःचीच किळस आली.

चुलत्यांनी माइक हळूच काढून घेतला. “ऱ्हाऊ दे. शब्द न्हाई गावला की तुझा बाप सरळ गप बसायचा.”

खरंच बसायचे. आम्ही शिकलेली पोरं त्याला अडाणीपणा म्हणायचो.