आपोआप मिटणारा बोर्ड आणि आमची लोणार-वरवट बकाल सहल

नसरीनचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. "मॅडम, आमचा बोर्ड घेऊन जाऊन राह्यले," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. पोहे करपले. नवरा, म्हणजे सुधीर, डब्यातली शेव तशीच खात बसला. आमच्या बुलडाणा जिल्ह्याच्या सहलीची सुरुवात ही अशी झाली.

आधी ओळखी करून देते. तीसेक वर्षं मी शिक्षकांना वर्गातली यंत्रं वापरायला शिकवत आले. भिंतीवर पारदर्शक पानं दाखवणारं ते अवजड खोकं मांडीवर घेऊन मी एसटीनं हिंडले आहे. मग संगणक आले, मग सीड्या, मग टॅब. प्रत्येक वेळी कुणीतरी भाषणात म्हणालं की आता शिक्षणाचा चेहरामोहरा बदलणार, आणि प्रत्येक वेळी मी मागच्या रांगेत एक्स्टेन्शन बोर्ड शोधत होते. नसरीन ही माझी एक विद्यार्थिनी. वरवट बकालच्या पलीकडे, आतल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, तिकडचे साहेब लोक ब्लॉग वाचतात म्हणे. खामगावच्या एका प्रशिक्षणात तिनं इतके प्रश्न विचारले होते की माझं जेवण पार थंड झालं, आणि तेव्हापासून ती मला फार आवडते.

प्रकरण असं होतं. तालुक्याच्या कार्यालयानं तिच्या शाळेला बोटानं चालणारा मोठा बोर्ड दिला. अट एकच, खोली नीट हवी. नसरीन घरोघर फिरली. कुणाकडून रंग आणला, कुणाकडून वायरिंग करून घेतलं, कुणाकडून खिडक्यांना जाळ्या. गाव तिच्या शब्दावर राबलं. बोर्ड वाजतगाजत आला आणि आठवड्याभरात बिघडला. काहीही उघडलं की आपोआप मिटायचं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणायचा, बंद करून चालू करा. आता सोमवारी तालुक्याचे शिक्षणाचे साहेब बघायला येणार होते, आणि चालला नाही तर बोर्ड तालुक्याच्या शाळेत जाणार.

"गावात तोंड दाखवायले जागा नाही राहणार मले," नसरीन म्हणाली.

मी त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. अमडापूरला शनिवारी एक शेवटचं प्रशिक्षण ठरलेलंच होतं. सुधीरला शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकापासून लोणार बघायचं होतं. "तुझा बोर्ड, माझा खड्डा," असा तह झाला आणि शुक्रवारी पहाटे आम्ही आमची जुनी गाडी काढली.

जालन्यापर्यंत रस्ता उत्तम. तिथून समृद्धी महामार्ग घेतलात तर वेळ वाचतो, पण सुधीर ज्या वेगानं गाडी चालवतो त्या वेगानं तिथे जायला बहुधा बंदी असावी, म्हणून आम्ही सिंदखेडराजाच्या जुन्या रस्त्यानं गेलो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती, हरभरा गुडघ्याखाली. लोणारला दुपारी पोचलात तर लगेच खाली उतरू नका. आम्ही उतरलो. खाली सरोवराशी सगळं गप्प, मोरांचं ओरडणं तेवढं, आणि पाण्याला तो खारट उग्र वास. सुधीर "पन्नास हजार वर्षं" असं काहीतरी पुटपुटत होता आणि मी "पाण्याची बाटली कुठंय" असं ओरडत होते. बाटली गाडीत होती. पायात बूट घाला, पाणी घ्या आणि चढताना नवऱ्याशी भांडू नका, दम पुरत नाही.

वर चहाच्या टपरीवर मालकानं विचारपूस केली.

"काय काम करता ताई तुम्ही?"

"शिक्षकांना शिकवते."

त्यानं गाळणी हातात तशीच धरली. "मंग शिक्षकांले येत नाही का काही?"

सुधीर एवढा हसला की त्याला ठसका लागला. मुक्कामाला लोणारमध्ये साधी, स्वच्छ खोली मिळते. रात्री वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा मागताना "जरासा" म्हणा. आम्ही म्हणालो नाही.

शनिवारी मेहकर, चिखली करत अमडापूर. मेहकरच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, पाठीला उशी घ्या. अमडापूरच्या शाळेत संगणक कक्षाबाहेर चपला काढायची पद्धत आहे. ही पद्धत मी राज्यभर बघितली आहे, देवळात एकवेळ चपलांकडे दुर्लक्ष करतील पण संगणकाकडे अनवाणीच जायचं. तरी दरवेळी माझ्या मोज्याला भोक असतं. आत प्रत्येक संगणकाला शिवलेलं झाकण, झाकणावर तुळशीवृंदावनाची भरतकाम केलेली नक्षी. मी झाकण उचललं, तर पडद्याच्या माथ्यावर वाळलेलं कुंकवाचं बोट.

"झाकण काढत नाही का कधी?" मी विचारलं.

"काढतो ना बाप्पा, दसऱ्याले," तिथल्या बाई म्हणाल्या.

आम्ही सगळी झाकणं काढली, दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत ती पुन्हा चढली. बाईंनी निरोपाला नारळ दिला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, आता रोज काढू." मला तेवढ्यावर विश्वास ठेवावासा वाटला, कारण त्या खरंच खूप गोड होत्या.

रविवारी नसरीनची शाळा बंद आणि किल्ली मुख्याध्यापक गुलाबराव सरांकडे. सर भाच्याच्या लग्नाला. त्यामुळे आम्ही शेगावला थांबून कचोऱ्या खाल्ल्या. मला घास जात नव्हता, सुधीरला जात होते. सोमवारी सकाळी पूर्णा ओलांडून निघालो. समोर सातपुडा निळसर दिसायला लागतो, रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला असतो, ओव्हरटेक करायची घाई करू नका. सुधीरनं आयुष्यात कधीच केली नाही.

शाळेच्या दारात नसरीन उभी. डोळे सुजलेले, ओढणी खोचलेली. शेजारी गुलाबराव सर, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर काळजी. हा माणूस इतका भाविक की शाळेत नवा झाडू आला तरी नारळ फोडतो, असं नसरीननं मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. साहेब दुपारच्या आत येणार होते.

मी बोर्ड चालू केला. नसरीननं तयार केलेला धडा उघडला. मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. सगळी मुलं खिडकीच्या जाळीला नाकं लावून बघत होती आणि दरवेळी मिटला की एका सुरात "गेऽऽला" म्हणत होती. मी तार तपासली, अर्थिंग तपासलं, आतलं सॉफ्टवेअर काढून पुन्हा भरलं. गेऽऽला.

"व्होल्टेज असन," गुलाबराव सर म्हणाले.

"नजर लागली असन," खिडकीतून एक आजी म्हणाल्या.

"काऊन असं करून राह्यला हा?" नसरीन पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. एवढ्या लांब येऊन हिला "बंद करून चालू करा" सांगायचं का?

मी खुर्ची ओढली आणि बोर्डाकडे नुसती बघत बसले. काच लख्ख होती, एक डाग नाही. मग माझी नजर उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे, चौकटीच्या आतल्या कडेला, हळदकुंकवाचं एक चांगलं जाडजूड ढेकूळ होतं.

आता हे समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. या बोर्डाच्या चौकटीतून काचेवर न दिसणारे किरण फिरत असतात. आपलं बोट मध्ये आलं की किरण अडतात आणि बोर्डाला कळतं की इथे कुणी हात लावला. कोपऱ्यात कुंकू बसलं की बोर्डाला वाटणार तिथे सतत कुणाचंतरी बोट आहे. आणि त्याच कोपऱ्यात काय असतं? उघडलेलं पान मिटवायची फुली.

मी मोठ्यानं हसायलाच लागले. नसरीनला वाटलं मॅडमचं डोकं फिरलं.

"हे कुंकू!" मी म्हटलं. "नसरीन, तू काच रोज पुसतेस ना?"

"हाव, रोज पुसते. पण कुंकवाले हात नाही लावत मॅडम. त्याच्या बाजूबाजूनं पुसते. सरांनी मनापासून लावेल आहे. मी पुसलं तं कसं दिसन ते?"

गुलाबराव सरांचा चेहरा पडला. "अव बाई," ते म्हणाले, "मी तं रोज सकाळी नवं लावून राह्यलो त्याच्यावर! तुमचा बोर्ड सुधारावा म्हणून!"

मग नसरीन तोंडावर ओढणी धरून अशी हसली की खिडकीतली मुलंही कारण न कळता हसायला लागली. सरही हसले. पण मी ओलं फडकं मागितलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"असं नाही पुसता येत मॅडम. पूजा झाली आहे त्याची."

"सर, साहेब येतायत!"

"येऊ द्या. पण पूजा केलेल्यावर असं फडकं फिरवायचं?"

मी सुधीरकडे पाहिलं. एरवी हा माणूस माझ्या कामाच्या ठिकाणी झाडाखाली पेपर वाचत बसतो. आज तो उठला, चपला काढल्या आणि म्हणाला, "उत्तरपूजा करू. गणपतीला करतो तशी. अक्षता आहेत का?"

अक्षता नव्हत्या. खिचडीच्या पोत्यात तांदूळ होते. "पोषण आहाराचा आहे, नोंद कराव लागन," असं म्हणत सरांनी स्वतःच चिमूटभर आणले. सुधीरनं कोपऱ्यावर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि घरच्या गणपतीपुढे म्हणतो त्याच आवाजात "पुनरागमनाय च" म्हणाला. खिडकीतून पोट्टे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

मग फडकं. सरांनी ते नसरीनपुढे धरलं. "पुसा मॅडम. मी सांगून राह्यलो ना."

"तुम्हीच पुसा सर."

"नाही नाही, तुमचा बोर्ड आहे."

"तुमची पूजा आहे."

आता हे दोघं साहेब येईपर्यंत एकमेकांचा मान राखत बसणार, असं वाटून मी कपाळाला हात लावला. शेवटी सरांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि नसरीननं ओढणीच्या टोकानं कोरडं केलं. धडा उघडला. मिटला नाही. या वेळी खिडकीतून "गेऽऽला" आलं नाही. आणि मग जो गलका झाला तो बाहेर गाडीतून उतरणाऱ्या साहेबांना स्वागताचा वाटला. ते खूश होऊनच आत आले.

नसरीननं धडा घेतला तो लोणारचा. एका मुलीनं बोटानं आकाशातून दगड खाली ओढला, दगड आदळला, खड्डा पडला, त्यात पाणी भरलं. सुधीर मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, त्यानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. "शुक्रवारी आपण याच खड्ड्यात तहानेनं मेलो असतो," तो माझ्या कानात म्हणाला.

साहेबांनी स्वतः बोर्डावर सही करून बघितली, पुसून बघितली. "राहू द्या इथंच," म्हणाले. नसरीन टेबलाला धरून उभी राहिली. निघताना साहेबांना कोपऱ्याची गोष्ट कळली तसे ते एकदम गंभीर झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आमच्या हापिसातला प्रिंटर दसऱ्यापासून बंद आहे. त्याच्या फटीत अक्षता गेल्या असतीन का हो?"

परतीच्या वाटेवर सुधीर शीळ घालत होता. मी विचार करत होते की तीस वर्षांत मी हजारो बटणं दाबायला शिकवली, केबली दाखवल्या, सूचना छापून भिंतीवर चिकटवल्या. पण बोर्ड आल्यावर माणसं पहिलं काय करतात, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. ती आधी नमस्कार करतात. मला त्याचं हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. सुधीरला सांगितलं तर म्हणाला, "ठेच्यानं असेल."

आता मी निवृत्त आहे, पोहे करपत नाहीत. परवा नसरीननं फोटो पाठवला. शाळेला नवा इन्व्हर्टर मिळाला आहे. फोटोत गुलाबराव सर नारळ हातात धरून उभे आहेत आणि कुंकवाचं ताट नसरीनच्या हातात आहे. इन्व्हर्टरवर काहीच नाही, सगळ्या फटी मोकळ्या. शेजारच्या भिंतीवर तिनं खडूनं एक छान गोल काढलाय आणि खाली लिहिलंय, "सर, इथे लावा." त्या गोलात, अगदी बरोबर मधोमध, सरांचं बोट उमटलेलं आहे.