तीन ठोके

"तोडा."

हा एक शब्द उच्चारायला मेजरसाहेबांना कधी जड गेलं नाही. हातात आखूड काठी, तिच्या टोकाला पितळेची टोपी. नव्या खांबावर त्या टोपीने तीन ठोके मारायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि तो पोकळ वाटला की काठी काखेत घालून चालू लागायचे. मागे वळूनही न बघता म्हणायचे, "तोडा." आमचा आठवडाभराचा घाम तेवढ्यात मातीत जायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की जो तुसडा असतो, पण लोक म्हणतात, "मनाने फार चांगला हो." मेजरसाहेबांबद्दल तसं कोणी म्हणत नसे, आणि मीही म्हणणार नाही. मला ते आवडत नव्हते. त्यांना मी आवडत नव्हतो. हे आम्ही एकमेकांपासून कधी लपवलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमच्या शेठची चार मजली इमारत उभी राहत होती. शेठचं ऑफिस उल्हासनगरला. मी डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझर होतो. मेजरसाहेब सैन्याच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि एकदम माझ्या डोक्यावर बसले. डोंगरात रस्ते काढलेले, नद्यांवर पूल टाकलेले. शेठला त्या पुलांशी कर्तव्य नव्हतं. रस्त्यावरच्या बोर्डवर 'मेजर (निवृत्त) यांच्या देखरेखीखाली' असं मोठ्या अक्षरात रंगवता येईल, एवढाच त्याचा हिशेब. त्याला मेजर हा शब्द हवा होता. त्या शब्दाबरोबर माणूसही आला, तिथे सगळी पंचाईत झाली.

माझी पंचाईत वेगळी होती. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत आम्ही थोरल्या भावाकडे राहत होतो. भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली, मी आणि बायको. बायकोला दिवस गेलेले. वहिनी तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण त्यांची भांडी बोलायची. शेठने याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मला द्यायचं कबूल केलं होतं. बाळंतपणाच्या आत तिथे राहायला जायचं, एवढी एकच गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात होती. म्हणजे मेजरसाहेब "तोडा" म्हणायचे तेव्हा माझं घर आठ दिवस लांब जायचं. आता सांगा, असा माणूस मला का आवडावा?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हुकूम काढला, काम सातला सुरू. बिगारी माणसं बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरून चालत यायची, दोन-दोन तास. त्यात लावणीचे दिवस. पहाटे रोपं काढून द्यायची आणि मग निघायचं. साडेआठला पोचली, तेव्हा मेजरसाहेब फाटक बंद करून आत उभे.

"सात म्हणजे सात," ते म्हणाले.

बिगाऱ्यांची पुढारी जनाबाई. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, बुटांना चिखलाचा ठिपका नाही.

"सायब, आमी काय सैन्यात भरती झालो नाय," ती म्हणाली. "आज तुमीच कालवा माल."

ती बाहेरच्या रेतीच्या ढिगावर बसली आणि तिने फडकं सोडलं. मागोमाग सगळे बसले. मिरचीच्या चटणीचा वास फाटकातून आत आला. त्यांनी निवांत भाकरी खाल्ली, मग पाणी पिऊन दुपारी सगळे उठून गेले. आत आम्ही तिघं. मेजरसाहेब, मी आणि वॉचमन. हुकूम दिल्यावर समोरचा माणूस भाकरी खायला बसतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडं होतं. मेजरसाहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. जनाबाई आत आली तशी ते म्हणाले, "साडेआठ. साडेआठ म्हणजे साडेआठ." माघार घेतानाही या माणसाला हुकूमच सोडता यायचा.

मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "सुपरवायझर!" बस. मी दिलेला चहा ते घेत नसत. दर शनिवारी उल्हासनगरच्या ऑफिसात जावं लागे, तिथे शेठ त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवी, वीटवाल्यांच्या आणि रेतीवाल्यांच्या रांगेत. ते पाठ ताठ ठेवून बसायचे, काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी. एकदा तासभर मीही शेजारी होतो. त्यांच्या हाताखाली कधीकाळी दीडेकशे माणसं होती आणि आता शेठचा भाचा त्यांना "थोडा बैठो ना अंकल" म्हणत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पहिल्या स्लॅबची सेंटरिंग काढायच्या दिवशी त्यांचं नवं नाटक पाहिलं. नाटक हा तेव्हाचा माझा शब्द. स्लॅबखाली टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या काढताना शहाणी माणसं बाहेर उभी राहतात. शेवटच्या बल्ल्यांना दोर बांधून बाहेरून खेचतात. मेजरसाहेब मात्र सरळ आत गेले आणि बरोबर मधोमध उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"साहेब, बाहेर या," मी म्हणालो.

"का? नीट भरलाय ना तुम्ही?"

बल्ल्या निघाल्या. थोडी धूळ पडली. ते खांदे झटकत बाहेर आले. जनाबाईने विचारलं, "सायब, ह्यो कंचा नवस?"

तिला मात्र त्यांनी उत्तर दिलं. "आमच्यात रीत आहे, बाई. पूल बांधला, की पहिली गाडी जाताना बांधणारा खाली उभा राहतो."

"आनि पडला मंग?"

"मग पुढचा पूल दुसरा कोणीतरी बांधतो."

जनाबाई खो खो हसली. त्या दिवसापासून तिने ती रीतच करून टाकली. दोर हातात घेऊन आधी विचारायची, "म्हातारा आत गेला का? मंग खेचा!"

दुसऱ्या मजल्याचे तीन खांब त्यांनी तोडायला लावले तेव्हा माझा तोल गेला. बायकोला सातवा लागलेला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, ही फौज नाही. इथून कोणी तोफा नेणार नाहीये."

"तोफ पडली तर तोफच जाते," ते शांतपणे म्हणाले. "इथे माणसं झोपणार आहेत. तोडा."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांना पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. चार दिवस. दुसऱ्याच दिवशी शेठचा निरोप आला, "फौजी नहीं है ना? स्लॅब डाल दो." दुसऱ्या मजल्यावरचा स्लॅब. माझ्या घराचं छत. मला तेवढंच हवं होतं.

निम्मा स्लॅब भरून झाला आणि मिक्सर बंद पडला. मेकॅनिक उल्हासनगरहून यायला दुपार झाली. चार तास गेले. तोवर आधीचं काँक्रीट घट्ट व्हायला लागलेलं. त्याच्यावर तसंच पुढचं ओतलं तर दोन्ही एकजीव होत नाही, मधे सांधा राहतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. मी ओतलं. सांध्यावरून सिमेंटचं पाणी फिरवलं, वर वाफे करून पाणी भरलं, आणि रजिस्टरात लिहिलं, 'काम सलग झाले.' खाली सही केली.

मेजरसाहेब परत आले. वर पाणी, खाली फळ्या, मधलं काही दिसायची सोय नव्हती. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझी ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सलग?"

"हो साहेब."

"तुमचा शब्द?"

"हो."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मी वाट बघत होतो की आता काठी निघेल, पाणी काढायला लावतील, चार माणसांना विचारतील. काही नाही. प्रत्येक खांबावर संशय घेणारा हा माणूस हाताखालच्या माणसाने सही करून शब्द दिल्यावर पुढे काही विचारेना. त्यांच्याकडे, फौजेत, तशी पद्धत असणार. आमच्याकडे ती नव्हती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्यांचा रागही आला. एवढी साधी गोष्ट पकडता येत नाही, तर एरवीचा तोरा कशाला?

पुढचे पंधरा-सोळा दिवस मी नीट जेवलो नाही. बायको म्हणायची, "घर होतंय तर तोंड का पाडलंय?"

सेंटरिंग काढायचा दिवस आला. बाहेरच्या बाजूच्या बल्ल्या निघाल्या. मधल्या रांगेला दोर बांधले. मेजरसाहेबांनी काठी काखेत घातली आणि आत जाऊन मधोमध उभे राहिले. वरचा सांधा कुठे होता ते मला माहीत होतं. बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

"म्हातारा आत गेला का?" जनाबाई ओरडली.

तो स्लॅब पडला असता की नाही, देव जाणे. कदाचित नसता पडला. असे सांधे गिलाव्याखाली घेऊन कितीतरी इमारती उभ्या आहेत. पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नाही. "सांधा आहे" असं ओरडायची हिंमतही झाली नाही. माझे पाय आत गेले, एवढं खरं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

त्यांनी मान वळवली. "तुमचं इथे काय काम?"

माझी नजर वर सांध्याकडे गेली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"जनाबाई, थांबा!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बल्ल्या परत लावा. सगळ्या."

नंतर मी सगळं सांगितलं, मिक्सर, चार तास, सिमेंटचं पाणी. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. मी माझी ओळ खोडून खरं ते लिहिलं. मग ते म्हणाले, "तोडा." या वेळी ते पुढे चालू लागले नाहीत. घण पडत होते तिथेच उभे राहिले, धुळीने पांढरे होईपर्यंत. दुपारी शेठ धावत आला तोवर निम्मा स्लॅब खाली आला होता आणि मागे फिरायची वाट उरली नव्हती.

"ये किसने किया? किसकी गलती है?" शेठ ओरडला.

मी तोंड उघडणार, इतक्यात मेजरसाहेब म्हणाले, "साइट मेरी है."

शेठने त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. मला ठेवलं. फाटकाशी मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुमच्या शब्दावर उभा होतो मी," एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी रंगारी येऊन बोर्डवरचं मेजर पुसून गेला.

स्लॅब पुन्हा भरला, माझ्या देखरेखीखाली. मिक्सर दोन लावले. शेठने शिव्या घातल्या, त्या खाल्ल्या. सेंटरिंग काढताना जनाबाई दोर धरून उभी राहिली आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "म्हातारा..." मी आत गेलो आणि उभा राहिलो. मधोमध नाही, जरा बाजूला. मधली जागा मला घ्यावीशी वाटली नाही.

मुलगी भावाच्या घरीच झाली. ती रांगायला लागली तेव्हा फ्लॅट मिळाला. वास्तुशांतीची पत्रिका घेऊन मी जवळच खरवईला मेजरसाहेबांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाले नाहीत. पत्रिका हातात घेऊन उभ्याउभ्या वाचली.

"बल्ल्या काढताना आत कोण उभं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

वास्तुशांतीला ते आले नाहीत. मी दिवसभर जिन्याकडे बघत होतो. संध्याकाळी शेवटचे पाहुणे पोचवायला बायको दारापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे बघा! कोणीतरी नव्या रंगाची वाट लावून ठेवलीय."

दाराबाहेर जिन्यालगतच्या खांबावर, माझ्या छातीच्या उंचीला, तीन गोल खळगे होते. एकाखाली एक, पितळी टोपीच्या मापाचे. आम्ही आत जेवायला बसलेलो असताना ते येऊन गेले होते. घरात आले नव्हते, पाणीही मागितलं नव्हतं.

मी धावत खाली गेलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. वर येऊन त्या खळग्यांवर हात ठेवला. मुलीला कडेवर घेऊन बायको विचारत होती, रंगाऱ्याला उद्या बोलवायचं का.

"नको," मी म्हणालो. "ते तसंच राहू दे."