ब्लाउजला मॅचिंग उशी

आधी काकूंचा हात वर जायचा. मग हुकूम सुटायचा, "थांबा रे सगळी." आम्ही मुलुंडचे सोसायटीवाले, सेक्रेटरीलाही न जुमानणारे, पण जागच्या जागी थिजायचो. काकू काखेतली छोटी उशी छातीच्या डाव्या बाजूला घट्ट दाबायच्या, दणदणीत शिंकायच्या, नाक पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला." मग मीटिंग पुढे सुरू.

दणदणीत शिंका तुम्हीही ऐकल्या असतील. पण शिंकेने हाड मोडलेलं माणूस पाहिलंय? मी पाहिलंय, तेही पहिल्या रांगेतून.

काकू तळमजल्यावर ब्लाउज शिवायच्या. विडी सोडाच, उदबत्तीचा धूरही न सोसणाऱ्या या बाईच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. रेडिएशन सुरू झालं. काकू त्याला 'शेक' म्हणायच्या. "शेक घेवन येतंय गो," असं शेजारणींना मालवणीत सांगून भाजीला निघाल्यासारख्या रिक्षात बसायच्या. गाठ विझली. पुढे वर्षभर सगळं झकास.

मग एका दुपारी मी मुलीच्या लग्नाच्या ब्लाउजचं कापड घेऊन गेलो. शेजारी मसाल्याच्या मिरच्या भाजत होत्या. काकू शिंकल्या आणि मशीनवर वाकल्या त्या वाकल्याच. एक्स-रेत बरगडी मोडलेली दिसली.

बिल्डिंगने निकाल लावून टाकला, कॅन्सर हाडात उतरला. काकूंनाही तेच वाटलं. पुढची तपासणी होईपर्यंत त्या एका हाताने छाती धरून हातातली कामं संपवत सुटल्या. नवीन काम बंद. माझी पिशवीही परत आली.

"दुसरीकडे टाक रे. मी गेले की बायका माझ्यासाठी नाही, अडकलेल्या कापडासाठी रडतील."

"काकू, काय हे बोलणं?"

"धंदा आहे बाबा. नीट आवरायला नको?"

मी पिशवी घेऊन जिना चढलो.

रिपोर्टच्या दिवशी मी सोबत गेलो. कॅन्सर कुठेही नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेडिएशनने गाठीजवळची बरगडी ठिसूळ झाली होती, शिंकेचा झटका तिला पुरला. होतं असं कधी कधी. भरेल हळूहळू. तोवर शिंकताना, खोकताना छातीशी उशी धरा.

"म्हणजे औषधानेच हाड मोडलं?" मी विचारलं.

"तसंच म्हणा."

काकू म्हणाल्या, "मोडला ता मोडूं दी. मी आसंय मा."

रिक्षात बसताच माझ्याकडे वळल्या. "मेल्या, कापड आण परत. दुसऱ्याकडे टाकलं असशील तर उचलून आण."

टाकलं नव्हतं. दारामागच्या खिळ्याला पिशवी तशीच लटकत होती.

बरगडी भरली, पण उशी राहिली. स्वतःच्या प्रत्येक ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्याचा काकू उशीला अभ्रा शिवायच्या. माझ्या मुलीच्या लग्नात त्या जांभळ्या ब्लाउजमध्ये आल्या, काखेत जांभळी उशी. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, उशी बाजूला ठेवा ना." काकू म्हणाल्या, "तू कॅमेरा ठेव बाजूला."

मागच्या वर्षी काकू झोपेतच गेल्या.

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. नवरा-नवरी, व्याही, मी, कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. आम्ही सगळे श्वास रोखून काकूंकडे बघतोय. त्यांचा एक हात वर, दुसऱ्यात उशी. अजून कोणी हललेलं नाही.