मूठभर वाण

बांधापलीकडच्या बाईचं शेत बघितलं की माझा जीव जळतो. आमची ज्वारी शाळेतल्या रांगेसारखी एका उंचीची. तिची कुठे उंच, कुठे बुटकी, दाणा लाल, पिवळा, पांढरा. तरी आमच्या तलमडुगू गावच्या बायका बियाणं मागायला तिच्याच दारी जातात. एकाच पिकातली विविधता कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवते मी, पण मला कोणी विचारत नाही.

कणसं निवडताना ती प्रत्येक तऱ्हेचं एकेक पदरात टाकते, एकटीच पुटपुटत. "अशानं बी सरमिसळ होतं," असं मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "वैनी, वारा त्याहीचं लगीन लावून राह्यला. आपन कोन अडवनारे?" परागीभवन शिकवायला मला अख्खा तास लागतो.

संक्रांतीला मी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. तिनं प्रत्येकीच्या ओटीत आपलं मूठभर बियाणं घातलं. माझी वाटी सगळ्या विसरल्या. घरी येऊन मी माझ्या ओटीतलं बी रागानं दळणात टाकलं.

यंदा ऐन कणसात पावसाची झड लागली. आमची ज्वारी एकजात काळी पडली. एकाच जातीचं पीक एकदम जातं, हे मीच फळ्यावर लिहिते. तिचं थोडं गेलं, बरंच टिकलं.

काल बांधावर तिनं विचारलं, "माह्या वाणातलं बी काऊन नाई पेरलं?"

"विसरले," मी म्हणाले.

त्या दळणाची भाकर फार गोड झाली होती. मला तेही सहन झालं नव्हतं.