बुधवारच्या लंच ब्रेकमधली शाळा

इंग्लंडमधल्या आमच्या स्लाऊच्या शाळेतून दर बुधवारी लंच ब्रेकमध्ये घानातल्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेला व्हिडिओ कॉल लागतो. या कॉलच्या क्लबमध्ये आम्ही मोजकेच: आमच्या शिक्षिका मिस कार्टर, माझ्या वर्गातला, मूळ नागपूरचा तन्मय आणि मी. मी सहसा बोलत नाही, बघत बसते. न बोलणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण ते सांगून संपत नाहीत. या किश्श्यांना मी हसते, आणि मग घरी जाताना बसमध्ये माझा स्टॉप चुकतो.

* * *

पहिल्याच कॉलला तिथल्या इस्सा सरांनी फोन फिरवून खोली दाखवली. एकाच खोलीत तीन इयत्ता! तीन भिंतींवर तीन फळे, मुलं तीन दिशांना तोंड करून बसलेली, आणि सर मधोमध उभे.

तन्मयने विचारलं, "मग चौथ्या भिंतीकडे कोण बघतं?"

"तिकडे दार आहे," सर म्हणाले. "तिकडे शिक्षक बघतात."

आम्ही खूप हसलो. नंतर मिसनी सांगितलं की तिथे नेमलेले शिक्षक फार टिकत नाहीत. गावात त्यांना राहायला धड खोलीसुद्धा मिळत नाही.

* * *

राहिना माझ्याच वयाची. शेवटच्या इयत्तेत. त्यांच्या शाळेत बाकं नाहीत, ज्याने त्याने आपलं स्टूल घरून आणायचं. एका बुधवारी बघतो तर सगळा वर्ग उभा. मिसना वाटलं, शिक्षा झाली असणार.

राहिना म्हणाली, गावातले एक आजोबा वारले, स्टुलं पाहुण्यांसाठी तिकडे नेली आहेत. तन्मयने विचारलं, परत कधी येणार?

"आजोबा फार मोठे होते," ती म्हणाली. "पाहुणे अजून येतायत."

तिची परीक्षा जवळ आली होती. तिची मोठी बहीण याच परीक्षेत नापास झाली, तेव्हा मावशीने येऊन तिला शहरात नेलं. आता ती तिथल्या बाजारात लोकांची ओझी डोक्यावरून वाहते. हे सगळं राहिनाने अगदी सहज सांगितलं, आपण हवामान सांगतो तसं.

* * *

आम्ही केक विकून त्यांना मदत पाठवली. माझ्या आईने शंकरपाळ्यांचे दोन डबे केले होते. त्यातून काय पाठवलं? व्हाइटबोर्डवरची पेनं, खोकंभर! त्यांचे फळे काळे आहेत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या कॉलला राहिनाने इनॅमलची पांढरी ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्यावर निळ्या पेनाने लांबलचक भागाकार केलेला. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं.

"आजीची काही तक्रार नाही," ती म्हणाली. "फक्त म्हणते, वाढायच्या आधी उत्तर काढ."

* * *

मग इस्सा सरांची बदली झाली. गणित शिकवणारं दुसरं कोणीच नव्हतं. मुख्याध्यापिका फेलिशिया मॅडमनी मिसना विचारलं, तुमच्याकडचं कोणी दर बुधवारी गणित घेईल का? तन्मयने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. जी मुलगी वर्गात रजिस्टरला "येस मिस" म्हणते तेही ऐकू येत नाही, तिच्याकडे!

माझा आवाज तिथे पोचेना. शेवटी फेलिशिया मॅडमनी फोन एका रिकाम्या मोठ्या पातेल्यात उभा केला. त्यामुळे आवाज घुमून मोठा झाला. मला मात्र पातेल्याच्या कडेवरून डोकावणारे डोळेच दिसायचे. राहिनाच्या डोळ्यांवरून कळायचं, समजलंय की नाही. बऱ्याचदा समजलेलं नसायचं.

घरी आई म्हणाली, "अगं, तुझ्या जीसीएसईच्या परीक्षेचं काय?"

बाबा म्हणाले, "राहू दे गं. निदान पातेल्याशी तरी बोलतेय."

* * *

परीक्षा झाली. पेपर कसा गेला विचारलं तर राहिना म्हणाली, "लिहिला." बस, एवढंच. निकालाला बराच वेळ होता, आणि मावशी निकालाची वाट बघणारी नव्हती.

पुढच्या बुधवारी फोन फेलिशिया मॅडमनी उचलला. त्या कुजबुजत होत्या. म्हणाल्या, मावशी आलीय, सकाळपासून, राहिनाला न्यायला. माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"मग राहिना कुठे आहे?" मी विचारलं. तन्मयने चमकून माझ्याकडे पाहिलं.

मॅडमनी फोन हळूच वळवला. राहिना फळ्यापाशी उभी होती, हातात खडू. गणिताला अजून कोणी शिक्षक आलेले नव्हते, म्हणून ती धाकट्या मुलांना अपूर्णांक शिकवत होती. मॅडम म्हणाल्या, मावशीने दारातून हाक मारली, "चल, गाडी निघेल." त्यावर राहिनाने मागे न बघता सांगितलं, "तास चालू आहे, बसा."

आणि मावशी बसली होती. सगळ्यात मागे, जमिनीवर, मांडीवर प्रवासाची पिशवी घेऊन.

राहिनाने एक गणित सोडवून खाली रेघ मारली. कोणाला काही विचारायचंय का, म्हणून वर्गाकडे वळली. मुलं माना खाली घालून गणित उतरवत होती.

मागे मावशीचा हात वर झाला.