आणखी काही तक्रार

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी बालरोगाच्या प्रात्यक्षिकात मी पहिला आलो होतो. हे वाक्य मी पंधरा वर्षं लग्नाच्या पंगतींत, सोसायटीच्या सभेत आणि एकदा तर वाहतूक पोलिसासमोरही वापरलं आहे. पहिला कसा आलो हे कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगण्याइतका मी भोळा नाही. आज सांगतो.

मी हुशार नव्हतो. पोट तपासायला घेतलं की माझा हात वरवंट्यासारखा पडायचा. एकदा सर्जरीच्या वॉर्डात एका आजोबांच्या ओटीपोटात केवढी मोठी गाठ आहे, हे मी सगळ्या बॅचला अर्धा तास समजावून सांगितलं. कशाची असेल, किती दिवस राहिले असतील, सगळं. आजोबा शांतपणे उठले, संडासाकडे जाऊन आले, आणि गाठ गेलेली. लघवी साठली होती बिचाऱ्यांची. माझं व्याख्यान संपायची वाट बघत होते. कॉलेज सुटेपर्यंत मला सगळे 'गाठ' म्हणूनच हाक मारायचे.

अशा माणसाला पास व्हायचं तर दुसरी वाट शोधावी लागते. आमच्याकडे परीक्षेसाठी रुग्ण गोळा करावे लागत. आजार हाताला लागला पाहिजे, आणि दहा जणांनी पोट दाबलं तरी रुग्णाने कुरकुर करता कामा नये. त्याला 'चांगली केस' म्हणतात. परीक्षा जवळ आली की निवासी डॉक्टर अशा केसच्या शोधात हिंडत. मी कर्जतचा, वडील तिथल्याच शाळेत मास्तर, निम्मा तालुका त्यांना ओळखणारा. "तुझ्या गावाकडून आण रे दोन-चार," असं मला सांगण्यात आलं, आणि मी केसचा दलाल झालो. या एका विषयात मात्र मला गती होती.

पोशीरच्या शाळेत आमच्या कॉलेजचं शिबिर होतं. भाताची कापणी उरकून बायका मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यात एक नऊ वर्षांची मुलगी. डोळे पिवळसर, ओठ पांढरे. आई म्हणाली, "पोट फुगलंय पोरीचं. खात तर कायपन नाय." मी डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि मलाही लागली. पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगली चार बोटं वाढलेली. माझ्या हाताला लागली म्हणजे ती कुणाच्याही हाताला लागणार, हे मी जागच्या जागी ओळखलं. इतकी चांगली केस तालुक्यात दुसरी नव्हती.

कॉलेजात तपासण्या झाल्या. रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मतःच वाटोळ्या नि नाजूक, पानथरीत अडकून फुटायच्या. पानथरी काढली की मुलगी बरीचशी सुधारणार होती. निवासी डॉक्टर म्हणाला, "परीक्षा होऊ दे, मग ऑपरेशनचा नंबर लावू." मी ते आईला थोडं सुधारून सांगितलं, "मावशी, परीक्षेला आलात की लगेच ऑपरेशन."

ती तीन परीक्षांना आली. दोन सरावाच्या, एक खरी. तोवर मुलगी आमच्यापेक्षा तयार झाली होती. कुणी सांगायच्या आत झगा वर करायची, गुडघे दुमडायची, आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याला सांगायची, "हात चोळून गरम करा आदी. आनि दाबताना माज्या तोंडाकडं बगा, पोटाकडं नाय." हे आम्हाला तीन वर्षं कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं. ती नुसतं पडल्या पडल्या शिकली.

खऱ्या परीक्षेत केस चिठ्ठीवर मिळायची. मला तीच मिळाली. मी चिठ्ठ्यांना हात लावला नव्हता, हे शपथेवर सांगतो. फक्त ती चिठ्ठी वाटीच्या कुठल्या बाजूला आहे हे मला ठाऊक होतं.

एक तास होता. मी पाचच मिनिटांत सगळं लिहून काढलं. महिनाभर पाठ केलेलं उत्तर होतं. मुलीच्या पोटाला मी हातसुद्धा लावला नाही, उगाच शंका नको म्हणून. उरलेल्या वेळात पेन्सिलीला टोक करत बसलो, तेव्हा आई वाकून हळूच म्हणाली, "डाक्टर, कालपासनं उजवीकडं दुकतंय बोलते ही. उलट्यापन झाल्या दोनदा."

उजवीकडं. या आजारात लहानपणीच पित्ताशयात खडे होतात, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. त्यापुढचं पान मी वाचलं नव्हतं. आणि मला एवढं कळत होतं की परीक्षकांना उजवीकडचं दुखणं समजलं, तर प्रश्न बालरोगातून सरळ सर्जरीत जाणार, आणि तिथे माझी ती गाठ मला भेटणार. माझं सगळं उत्तर डाव्या बाजूला होतं.

"मावशी," मी म्हणालो, "आज ते काढू नका. परीक्षा झाली की मी स्वतः मोठ्या डॉक्टरांना सांगतो."

"नक्की ना?"

"अहो, मी कर्जतचाच. पळून कुठं जाणार?"

परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून आलेले, वयस्क, भला माणूस. त्यांनी माझं उत्तर ऐकून घेतलं. मग, जे सहसा कुणी करत नाही ते केलं. खाली वाकले आणि आईला मराठीत विचारलं, "बाई, आणखी काही तक्रार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी गळ्यातल्या मोजायच्या टेपकडे बघितलं.

"नाय," ती म्हणाली.

ते मुलीची पानथरी तपासू लागले. मग हात उजवीकडे सरकायला लागला, तशी मुलीची भुवई आक्रसली. मी लगेच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुरू केलं. पानथरी काढण्याआधी कुठल्या लशी द्यायच्या, काढल्यावर ताप आला तर काय करायचं, धडाधड. साहेबांचा हात थांबला. ते कौतुकानं माझ्याकडे बघत राहिले. मुलगी काही बोलली नाही. चांगली केस कुरकुरत नाही, हे तिला आम्हीच शिकवलं होतं.

दुपारी आम्ही मित्र सिनेमाला गेलो. मध्यंतरात मला ते आठवलं. उद्या सांगू, असं म्हणून मी वेफर्स घेतले. दुसऱ्या दिवशी गेलो तर खाट रिकामी. परीक्षा संपली तशा सगळ्या केस घरी पाठवल्या होत्या. नंबर लागला की कळवू, असं सांगून.

निकाल लागला त्याच आठवड्यात तिला परत आणलं. खडा पित्तनळीत अडकला होता, पू झाला होता, ताप मेंदूत चढल्यासारखी बडबडत होती. तातडीनं पोट उघडलं. मोठा छेद. खडे, नंतर पुन्हा एकदा आत जाऊन पानथरी. दोन महिने ती दवाखान्यात होती आणि तिचं शाळेचं वर्ष गेलं. हे मला निवासी डॉक्टरनं सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. तिचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होता. ते दोन महिने मी मागच्या जिन्यानं चढलो-उतरलो. तो जिना स्वयंपाकघराजवळून जायचा, त्यामुळे मला आजही उकळत्या वरणाचा वास आला की अपराधी वाटतं. यापलीकडे मी काही भोगलं नाही.

आता माझा खालापूरला दवाखाना आहे. पोट सुटलंय, मिशी ठेवलीय, आणि ते पहिला आल्याचं प्रमाणपत्र खुर्चीच्या मागे काचेत लावलंय. गेल्या वर्षी एका दुपारी मायलेकी आल्या. लेक चोविशीची, अंगात मोहोपाड्याच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा कोट, पोट धरून वाकलेली. पॅकिंगला कामाला होती, कामावरूनच थेट आणलेली. तपासायच्या टेबलावर झोप म्हटलं तर मी काही सांगायच्या आत तिनं गुडघे दुमडले. तेवढ्यावरून मी ओळखलं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ती वाचली. पनवेलला चार दिवस सलाइनवर ठेवली, चाकू लागला नाही.

मी हात पुढे केला. ती म्हणाली, "हात लावू नका."

"अगं, डाक्टर हायत ते," आई म्हणाली.

"म्हनूनच. माज्या पोटाला लय हात लागलेत. इचारून सांगता येतंय तेवढं सांगा."

मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट विचारलं असेन. कळ येऊन-जाऊन येत होती. उलटी हिरवी. सकाळपासून वारा सरला नव्हता. कोट वर करून तिनं जुना छेद दाखवला, बरगडीखालून आडवा गेलेला, दोरीसारखा. आतडं जुन्या जखमेला चिकटून अडकलं होतं. माझ्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात अचूक निदान, आणि त्यात माझ्या हाताचा काही संबंध नव्हता. पनवेलच्या सर्जनला फोन केला, गाडी बोलावली, चिठ्ठी लिहायला घेतली.

"कशानं झालं ह्ये?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

"जुन्या ऑपरेशनमुळं. कधी कधी आतडी चिकटतात."

"जखम येवडी मोटी का केली?"

"घाईत करावं लागलं असेल."

"घाई का झाली?"

असे एकातून एक निघणारे प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारले असते, तर मी डॉक्टर झालो नसतो. मी चिठ्ठीवर तारीख घातली. मग तीच पुन्हा गिरवली.

"माज्यामुळं," आई म्हणाली. "मोट्या डाक्टरांनी इचारलं व्हतं, आनखी काय तकरार. दुकत व्हतं हिचं उजवीकडं. मी नाय बोलले."

"पंदरा वर्सं ह्येच सांगती," लेक मला म्हणाली. "का नाय बोललीस, इचारलं की गप." कळ आली तशी तिनं टेबलाची कड धरली, ती जाईपर्यंत थांबली, आणि आईकडे मान वळवली. "तुला कुनी सांगितलं व्हतं का गं, गप राहायला?"

आईनं माझ्याकडे बघितलं. थेट, पुरतं बघितलं. माझ्या समोर शिक्का होता. मी शिक्क्याकडे बघितलं.

"नाय," ती म्हणाली.

गाडी आली. कंपाउंडरनं आणि मी लेकीला धरून बसवलं. त्या वेळी तिनं माझा खांदा धरला, नाइलाजानं. आई पिशवी घ्यायला म्हणून आत परत आली. पिशवी खुर्चीवर होती, बरोबर त्या प्रमाणपत्राखाली.

"तवा तुमाला मिशी नव्हती," ती म्हणाली.

मी "मावशी" एवढंच म्हणालो.

"आता तिला सांगितलं असतं, तर ती पनवेलला गेली नसती. ह्येच ते डाक्टर म्हनलं की उटून गेली असती." पिशवीचा बंद तिनं मनगटाला गुंडाळला. "बरी होऊन येऊ द्या. मग तुमी सांगा."

लेक बरी होऊन आली त्याला वर्ष होत आलं. खालापूरहून मोहोपाडा, वाटेत रेल्वेचं फाटक बंद नसलं तर अर्ध्या तासाचं अंतर आहे. प्रमाणपत्र मी काढून कपाटात ठेवलं, मात्र खिळा तसाच आहे. पेशंट विचारतात, डॉक्टर, इथं काय होतं? मी म्हणतो, कॅलेंडर.